बीटलचं इंजिन घरी बांधताना

फोक्सवॅगन बीटलचं इंजिन गाडीला धरून ठेवतात ते फक्त चार बोल्ट. पेट्रोलची नळी, अॅक्सिलरेटरची केबल, हीटरच्या दोन केबली आणि मोजक्या वायरी सोडवून ते चार बोल्ट काढले, की इंजिन मागे सरकतं आणि जॅकवर हळूहळू खाली येतं. वजन शंभर किलोंच्या आसपास. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाहीत. आयुष्यात कधीच इंजिन न खोललेल्या माणसांनी जगात सर्वांत जास्त वेळा घरी खोललेल्या इंजिनांमध्ये याचा नंबर खूप वरचा असेल. अमेरिकेत तर घराशेजारच्या गॅरेजात बीटलचं इंजिन बांधणं ही साठ-सत्तरच्या दशकांपासून चालत आलेली हौस आहे आणि ती आजही टिकून आहे.

हे इंजिन हवेवर थंड होतं, त्यामागे तीस सालानंतरच्या जर्मनीतली गरज होती. फर्डिनांड पोर्शे यांना सामान्य कुटुंबाला परवडणारी गाडी करायची होती आणि अशा कुटुंबाकडे गाडी ठेवायला बंद जागा असण्याची शक्यता कमी. रात्रभर बर्फात उभ्या राहिलेल्या गाडीत पाणीच नसेल तर ते गोठणार कसं? पोर्शेंच्या कचेरीतल्या फ्रान्झ रायमश्पीस यांनी आखलेलं चार सिलिंडरांचं आडवं इंजिन त्यातून आलं. दोन सिलिंडर उजवीकडे, दोन डावीकडे, मधे क्रँकशाफ्ट. डायनॅमोच्या दांड्यावरच बसवलेला पंखा सेकंदाला पाचशे लिटरच्या घरात हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर सोडतो. बजाज चेतकचा साइडचा डबा उघडून पाहिलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल: फिन्स असलेला सिलिंडर, पंखा आणि हवा इकडेतिकडे जाऊ नये म्हणून वरून पत्रा.

१९३८च्या सुमाराला ९८५ सीसीने सुरू झालेलं हे इंजिन वाढत वाढत १५८४ सीसीपर्यंत गेलं. मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची जुनी बीटल बाहेर पडली तेव्हा एकूण आकडा २,१५,२९,४६४ झाला होता. नव्या गाड्या थांबल्या तरी पिस्टन, बेअरिंगं, हेड, एवढंच काय, अख्खी क्रँककेसही आजच्या घडीला नवी मिळते. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने हे इंजिन निवडावं, याचं हे सर्वांत व्यवहारी कारण.

दुसरं कारण म्हणजे एक पुस्तक. विमान उद्योगातली इंजिनिअरची नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत गाड्या दुरुस्त करणाऱ्या जॉन म्यूर यांनी १९६९ साली ‘हाउ टू कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह’ हे पुस्तक काढलं. पीटर अॅशवॉन्डन यांची त्यातली हाताने काढलेली चित्रं इतकी बारीक आहेत, की प्रत्येक वॉशर आपल्या जागी दिसतो. ज्याला काहीच येत नाही अशा माणसाशी म्यूर बोलतात: कोणता पाना घ्यायचा, कुठे बसायचं, कुठे थांबून विश्रांती घ्यायची. या पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. कंपनीची मॅन्युअलं मेकॅनिकसाठी लिहिलेली असत. म्यूर यांनी घरच्या माणसाला आत घेतलं. मोटारींच्या लोकशिक्षणात या एका पुस्तकाचं काम फार मोठं आहे.

तरीही पाना हातात घेण्याआधी इंजिनाला काय झालंय ते पाहायला हवं. इंजिन बंद ठेवायचं, पंख्याचा पट्टा काढायचा आणि मागच्या बाजूची क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ढकलायची. ती हलल्याचं हाताला स्पष्ट जाणवलं, ‘ठक्’ असा आवाज आला, तर फ्लायव्हीलजवळच्या मुख्य बेअरिंगने आपली बैठक ठोकून सैल केली आहे, असं समजायचं. मग नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. पुली घट्ट असेल आणि एखाद्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं असेल, तर कदाचित हेडचंच काम निघेल. पूर्ण इंजिन खोलायचं की नाही हे या दहा मिनिटांत बरंचसं ठरतं.

इंजिन उतरवताना गाडीचा मागचा भाग बराच उंच उचलावा लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. भक्कम स्टँड लावल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही, यात तडजोड नाही. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही याच वेळी काढून टाकायच्या. तडकलेल्या नळीतून गळलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडून कितीतरी बीटल जळाल्या आहेत. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते आणि मॅग्नेशियम एकदा पेटलं की ते विझवणं अवघड होऊन बसतं.

खोलण्याचं काम सोपं आहे आणि तिथेच नवखा माणूस घाई करतो. प्रत्येक भाग कुठून निघाला ते लिहायचं, फोटो काढायचे, नट-वॉशर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायचे. बीटलमध्ये दिशांचा गोंधळ हमखास होतो, कारण इंजिन मागे आहे. इथे ‘पुढे’ म्हणजे नेहमी गाडीचा पुढचा भाग, म्हणजे फ्लायव्हीलची बाजू. एक आणि दोन नंबरचे सिलिंडर उजवीकडे, तीन आणि चार डावीकडे. एक आणि तीन फ्लायव्हीलच्या बाजूचे. फायरिंग ऑर्डर १-४-३-२. फ्लायव्हीलच्या मधोमध असलेला ३६ मिमीचा नट मात्र साध्या पान्याला दाद देत नाही. तो बसवताना सुमारे ३४० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, म्हणजे मीटरभर लांब दांडीच्या टोकाला ३५ किलो वजन टांगल्यावर पडेल तेवढा जोर.

सगळे भाग धुऊन बाकावर मांडले, की खरं काम सुरू होतं आणि ते आहे मोजण्याचं. नवख्याच्या मनात इंजिन बांधणं म्हणजे जोडणं असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळ मायक्रोमीटर, फीलर गेज आणि डायल गेज यांच्यासोबत जातो; इंजिन किती वर्षं चालणार, तेही इथेच ठरतं. पहिलं लक्ष क्रँककेसकडे. ती दोन अर्ध्या भागांची असते आणि हे भाग क्रँकशाफ्टच्या मध्यरेषेवर एकत्र येतात. मॅग्नेशियम हलकं खरं, पण मऊ. लाखभर किलोमीटर बेअरिंगांनी आतून ठोकल्यावर त्यांच्या बैठकी गोलाकार राहत नाहीत. नव्या क्रँककेसमध्ये पहिल्या तीन मुख्य बेअरिंगांच्या बैठकीचा व्यास ६५ मिमी असतो. दोन्ही भाग ठरल्या जोराने आवळून हा व्यास वेगवेगळ्या दिशांनी मोजायचा. तो वाढला असेल, तर मशीन शॉपमध्ये लाइन बोअरिंग करून घ्यावं लागतं आणि मग बाहेरून मोठ्या मापाची बेअरिंगं टाकावी लागतात. तीन नंबरच्या सिलिंडरमागे आणि फ्लायव्हीलजवळ बारीक चिरा आहेत का, हेही भिंग घेऊन बघायचं. चीर सापडली तर त्या क्रँककेसवर पैसे घालू नयेत.

स्टडची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे. सिलिंडर आणि हेड क्रँककेसला लांब पोलादी स्टडांनी बांधलेले असतात. तापल्यावर अॅल्युमिनियमचे हेड पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतात आणि स्टडांना ओढतात. जुने १० मिमीचे स्टड जाड, ताण खात नसत. परिणामी मऊ मॅग्नेशियममधले आटेच उपटून निघत. पुढे कंपनीने ८ मिमीचे बारीक स्टड आणि त्यांच्यासाठी क्रँककेसमध्ये पोलादी आट्यांच्या बुशी आणल्या. बारीक स्टड थोडा ताणला जातो आणि आटे वाचतात. जुनी क्रँककेस बांधणाऱ्याने या बुशी बसवून घेणं शहाणपणाचं.

घरी काय करायचं आणि बाहेर काय द्यायचं, याबद्दल हौशी मंडळींत बरेच वाद झडतात. इथे ठाम मत असं, की क्रँकचं ग्राइंडिंग, लाइन बोअरिंग, फ्लायव्हील-क्रँकचं बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्ह सीटचं काम बाहेरच द्यावं. त्यात कमीपणा नाही. क्रोम केलेल्या झाकणांवर आणि जादा ताकदीच्या सामानावर जाणारा पैसा मशीन शॉपला आणि एका चांगल्या टॉर्क पान्याला द्यावा. पहिलं इंजिन मूळ मापाचंच बांधावं.

जोडणीत सर्वांत नाजूक वेळ असते ती क्रँककेस बंद करण्याची. क्रँकच्या गिअरवरच्या दोन ठिपक्यांच्या मधे कॅम गिअरवरचा एक ठिपका यायला हवा. एक दात चुकला तर सगळं टायमिंग चुकतं. मुख्य बेअरिंगांची भोकं खालच्या पिनांवर नीट बसली आहेत याची खात्री करायची. कॅमच्या पुढच्या टोकाला पत्र्याची एक छोटी गोल टोपी असते. नवख्या हातून विसरली जाणारी वस्तू हीच. ती राहिली तर ऑइल थेट क्लचवर येतं आणि तिच्यासाठी अख्खं इंजिन पुन्हा खोलावं लागतं. दोन भागांच्या मधे गॅस्केट नसतं, फक्त सीलंटचा पातळ थर. मग सहा मोठे नट ३४ न्यूटन-मीटरने, लहान नट २० ने. प्रत्येक टप्प्यावर क्रँक हाताने फिरवून पाहायचा. तो अडकला तर तिथेच थांबायचं आणि उघडून बघायचं. जोर लावून काही सुटत नाही.

त्यानंतर क्रँकचा पुढेमागे होणारा प्ले. तो ०.०७ ते ०.१३ मिमी एवढाच हवा. फ्लायव्हीलमागे तीन पातळ शिम बसतात. आधी दोनच शिम घालून, ऑइल सील न लावता, डायल गेजने प्ले मोजायचा, त्यातून ०.१० वजा करायचे. उरेल त्या जाडीचा तिसरा शिम. शिम वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. वर सांगितलेली पुली हलते की नाही, ते या केसाएवढ्या मापावर अवलंबून असतं.

पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे करायचा. टॅपेटच्या दांड्यांच्या आठ नळ्या बसवण्याआधी ताणून १९० ते १९१ मिमी लांब करायच्या आणि त्यांचा जोड वर ठेवायचा. बीटलखाली जमिनीवर पडणारे ऑइलचे थेंब बऱ्याचदा इथलेच असतात.

तीन नंबरच्या सिलिंडरने या इंजिनाला बराच त्रास दिला. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच उभा होता. त्यामुळे तीन नंबरवर येणारी हवा अडायची आणि तापायची. अतितापाने त्याच्याच एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये घुसायचं. १९७१च्या मॉडेलांपासून कूलरला आवरणाच्या पुढच्या बाजूला स्वतंत्र जागा मिळाली. जुनं इंजिन बांधणाऱ्याने तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर काटकसर करू नये, नवाच घालावा.

इंजिन तयार झालं की बरेच जण पत्रे बसवताना कंटाळतात. सिलिंडरांखालचे, बाजूचे, मागचे. एखादा हरवलेला असतो, एखादा बसत नाही. पण हे पत्रे म्हणजेच या इंजिनाची शीतकरण यंत्रणा आहे. थर्मोस्टॅट आणि त्याने हलणाऱ्या झडपाही हव्यात. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी नसेल, तर खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो. पाण्याच्या गाडीत रेडिएटर अर्धा रिकामा ठेवून कुणी घाटात जात नाही. इथेही पत्रे अर्धवट ठेवून गाडी रस्त्यावर नेऊ नये.

सुरू करण्याआधी कॉइलची वायर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारायचा. मग इंजिन सुरू झालं की ते आयडलवर सोडायचं नाही. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांवर नीट बसावेत म्हणून वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास चालवायचं. ऑइलही झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं घ्यायचं. पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा ०.१५ मिमीला आणायचे.

मूळ बीटलमध्ये ऑइल फिल्टर नाही, फक्त तळाला जाळीची गाळणी आणि अडीच लिटर ऑइल. त्यामुळे पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदला, गाळणीत धातूचे कण आहेत का बघा, टॅपेट तपासा. त्यापुढे ऑइल दर ५,००० किलोमीटरला आणि टॅपेट दर १०,००० किलोमीटरला, इंजिन थंड असतानाच.