काच पुसलीस का?

लायसन्स नवं, गाडी बाबांची आणि नोव्हेंबरची संध्याकाळ. तुळशीचं लग्न नुकतंच उरकलेलं, त्यामुळे मित्राच्या ताईलाही पहिलाच मुहूर्त मिळाला होता. जेवणं आटपून आम्ही चौघं इस्लामपूरहून सांगलीकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊस. हेडलाइट लावले आणि काचेवर किड्यांची टपटप सुरू झाली. मी वॉशरची दांडी ओढली. पाणी आलंच नाही, टाकी कोरडीठाक! वायपर मात्र इमानदारीत फिरला आणि सगळा चिकटा काचभर सारवून गेला. तेवढ्यात समोरून ट्रकचा अप्पर आला. काच पांढरीफटक. दोन सेकंद मला काहीही दिसलं नाही. शेजारचा ओरडला म्हणून ब्रेक दाबला. पुढे उसाची ट्रॉली होती. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. मागे लोंबणारा ऊस आणि आमचं बॉनेट यांत हातभर अंतर उरलं असेल.

ताशी 60 च्या स्पीडला गाडी दोन सेकंदांत 33 मीटर जाते. क्रिकेटच्या दीड पिचपेक्षा जास्त. तेवढं अंतर मी डोळे उघडे ठेवून आंधळ्यासारखी गाडी चालवली.

आता तुम्ही म्हणाल, काच पुसण्यात शिकण्यासारखं काय आहे? मलाही तेच वाटायचं. पण किड्याच्या अंगातला द्रव काचेवर वाळला की डिंकासारखा घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पक्का होतो. म्हणून ट्रिपवरून आलात की त्याच रात्री काच पुसा, कितीही कंटाळा आला तरी. वाळलाच असेल तर ओलं फडकं काचेवर दहा मिनिटं पसरून ठेवा, मग हलक्या हाताने पुसा. कोरडं घासायचं नाही. रस्त्याच्या धुळीत बारीक वाळू असते, तिचे ओरखडे पडतात आणि रात्री समोरून उजेड आला की प्रत्येक ओरखडा चमकतो. किचनमधली तारेची घासणी तर लांबच ठेवा. रील्समध्ये कोल्ड्रिंकने काच धुणारे दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. साखर सुकली की काच आणखी चिकट होते.

वॉशरची टाकी बॉनेटखाली असते, झाकणावर काचेचं आणि पाण्याच्या फवाऱ्याचं चित्र असतं. कूलंटच्या टाकीत पाणी ओतून मोकळे होऊ नका, झाकण नीट बघा. बोअरचं जड पाणी काचेवर पांढरे डाग ठेवतं आणि फवाऱ्याची भोकं बुजवतं. त्यापेक्षा वॉशर फ्लुइडची छोटी बाटली आणा. भांड्याचा साबण नको, फेसच फेस होतो.

वायपरचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं. हे कळतं कधी, तर पहिल्या पावसात, घाटात! आणि पहिला पाऊस सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावरची महिनोन्‌महिन्यांची धूळ आणि तेल तेव्हा पुढच्या गाडीच्या चाकांवरून थेट तुमच्या काचेवर उडतं. त्यामुळे रबर मेमध्येच बदला. काच आतूनही मळते बरं का. तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून जी वाफ निघते तिचा पातळ थर काचेवर बसतो. दिवसा दिसत नाही, रात्री धुरकट दिसतं.

कार नाहीये, स्कूटरच आहे? मग तुमची काच म्हणजे हेल्मेटचा व्हायझर, आणि त्याला तर वायपरही नाही. तो बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेटचा असतो, म्हणून पेट्रोल, थिनर किंवा घरातला काच पुसायचा स्प्रे त्यावर मारू नका. पाणी आणि सौम्य शाम्पू पुरे. आणि काळा व्हायझर दिवसा कितीही भारी दिसला तरी रात्री नको म्हणजे नको.

जाता जाता एक. डेन्मार्कमध्ये एक शास्त्रज्ञ 1997 ते 2017 अशी वीस वर्षं ठरावीक रस्त्यांवर गाडी चालवून काचेवर मेलेले किडे मोजत होता. एका रस्त्यावर ते 80 टक्क्यांनी कमी झाले, दुसऱ्यावर 97 टक्क्यांनी. काच स्वच्छ राहते म्हणून खूश व्हायचं की परागीभवन कोण करणार म्हणून घाबरायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या ट्रॉलीवाल्याला मागे काय झालं ते कळलंच नाही. तो आपला गाणी वाजवत पुढे गेला. आम्ही पुढच्या टपरीवर थांबलो, पाण्याची बाटली घेतली, पण पुसायला फडकं नव्हतं. शेवटी लग्नात आहेर म्हणून मिळालेला नवा कोरा टॉवेल काढला. आई अजून विचारते, त्या आहेरात नुसती टोपीच कशी काय आली? टॉवेल डिकीत आहे.