विहार पाडण्यापूर्वी : आपल्या वास्तूंची दुरुस्ती कोणत्या नियमांनी करावी?

वर्धा जिल्ह्यात वस्त्यांमध्ये काम करताना एक प्रसंग आम्ही वारंवार पाहतो. आमदार निधी मंजूर होतो, विहारात बैठक बसते आणि पहिलाच ठराव होतो, "जुना पाडू, स्लॅबचा बांधू." अशाच एका बैठकीत मागे बसलेल्या आजींनी विचारले, "नवा बांधा, पण माह्या सासऱ्यानं डोक्यावर आनलेले गोटे कुठं जाईन?" कुणाकडेच उत्तर नव्हते. तो विहार धर्मांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वस्तीने श्रमदानातून उभा केला होता. आता तिथे टाइल्सचे सभागृह आहे. जुन्या विहाराचा एक फोटोही उरलेला नाही.

विकासाला आमचा विरोध नाही. गळक्या छताखाली वंदना घ्यावी असे कुणीच म्हणणार नाही. पण ऐतिहासिक वास्तूची दुरुस्ती करण्याचे काही नियम जगभर मान्य झाले आहेत. ते आपल्या विहार समित्यांपर्यंत पोहोचलेले नाहीत.

कायदा आपल्या वास्तूंपर्यंत का पोहोचत नाही?

केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी वास्तूच प्राचीन स्मारक ठरते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली. या हिशेबाने त्या घटनेची शंभरी २०५६ मध्ये भरेल. त्यानंतर गावोगावी उभे राहिलेले विहार तर त्याहून तरुण. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची श्रेणीवार यादी आहे आणि तिथे वयापेक्षा ऐतिहासिक महत्त्व पाहिले जाते. खेड्यातल्या विहाराला अशी यादी सहसा लाभत नाही. म्हणजे आपला इतिहास कायद्याच्या नजरेत अजून 'जुना' नाही. तो जपायचा असेल तर नियम आपणच स्वतःला घालून घेतले पाहिजेत.

हे न केल्यास काय होते ते आपण पाहिले आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. बाबासाहेबांच्या बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची जागा तीच. इमारत धोकादायक झाल्याचे कारण तेव्हा पुढे करण्यात आले. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत पार्किंगचे काम संतप्त अनुयायांनी थांबवले आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. तिथला स्तूप २००१ मध्ये लोकार्पण झालेला, पण भूमी १९५६ ची. लाखो लोक ज्या मोकळ्या मैदानावर उभे राहिले, ते मैदान हाच खरा वारसा आहे. वारसा म्हणजे फक्त भिंती नव्हेत. आवार, झाड, कट्टा, वाट हेही त्यात येते.

चार मार्ग

१९६४ ची व्हेनिस सनद, ऑस्ट्रेलियातली १९७९ ची बुर्रा सनद आणि भारतात इन्टॅकची २००४ ची सनद ही या विषयातली महत्त्वाची कागदपत्रे. त्यांचा गाभा सोपा आहे : गरजेपुरता बदल करा, शक्य तितका कमी करा. कामाचे साधारण चार प्रकार मानले जातात. जतन म्हणजे आहे ते टिकवणे. पुनःस्थापना म्हणजे नंतरची भर काढून वास्तू विशिष्ट काळातल्या रूपात आणणे. तिसरा प्रकार वापरानुकूल बदल, म्हणजे जुने महत्त्वाचे भाग राखून वीज, शौचालय, उतरंड अशा सोयी करणे. चौथा पुनर्बांधणी, म्हणजे नष्ट झालेले पुराव्याच्या आधारे पुन्हा उभारणे. आपल्या बहुतेक विहारांना तिसरा मार्ग लागू पडतो. आपण मात्र थेट पाडण्यावर येतो.

अतिउत्साहाने काय होते याचा धडा सांचीत आहे. १८२२ मध्ये तिथले स्तूप हौशी खोदकामात फोडले गेले आणि त्यांचे मोठे नुकसान झाले. पुढे १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी ते सावरले. १९२३ च्या आपल्या संवर्धनविषयक पुस्तकात त्यांनी नवे करण्यापेक्षा आहे ते राखण्यावर भर दिला.

सेवाग्राममध्ये काय दिसते?

गांधीजींशी आपले वैचारिक मतभेद आहेत आणि राहतील. पण वास्तू कशी सांभाळावी हे शिकायला सेवाग्राम आपल्या जिल्ह्यातच आहे. १९३६ पासूनच्या तिथल्या कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्या. त्या टिकल्या आहेत, कारण दरवर्षी त्यांची डागडुजी होते. माती आणि शेणाने लिंपण होते, कवेलू फेरले जातात, पावसाळ्यापूर्वी भिंतींना शिंदीच्या पानांचे आवरण लावले जाते. भिंत त्याच मातीची राहते. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्यासाठी जुनी झाडे तोडली गेली तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला, कारण ती झाडेही त्या परिसराचा भाग होती.

यामागे शास्त्र आहे. माती किंवा चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, क्षार वर येतात आणि पोपडे सुटून आतली वीट भुसभुशीत होते. शिवाय आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतीला पडलेली प्रत्येक भेग म्हणजे इमारत संपली असे नसते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. वर्षभरात पट्टी फुटली तर भेग वाढते आहे, मग अभियंत्याला बोलवा.

विहार समित्यांसाठी

ठराव करण्यापूर्वी एवढे करावे, असे आम्ही सुचवतो.

१. आधी नोंद. चारही बाजूंचे फोटो, मोजमापांसह नकाशा, कोनशिला व दानदात्यांच्या पाट्यांचा मजकूर, आणि बांधणाऱ्या पिढीतल्या आजी-आबाजींच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात.

२. काय महत्त्वाचे ते एका पानावर लिहावे. भिंत, कट्टा, बोधिवृक्ष की जुनी मूर्ती? बैठकीत महिलांचे म्हणणे आवर्जून ऐकावे.

३. दुरुस्ती मूळ साहित्याशी जुळणारी असावी आणि पुढे काढता येईल अशी असावी. नवा भाग नवा म्हणून ओळखू यावा, त्यावर वर्ष घालावे.

४. नवी मोठी मूर्ती दानात आली तरी गावच्या कारागिराने घडवलेली जुनी मूर्ती अडगळीत टाकू नये.

५. जागा असेल तर नवे सभागृह शेजारी बांधावे. झाडांची मुळे आणि मोकळे आवार राखावे.

इमारत खरोखरच धोकादायक असेल तर माणसाचा जीव आधी, यात दुमत नाही. पण तो निर्णय तज्ज्ञाच्या लेखी अहवालावर व्हावा, ठेकेदाराच्या शब्दावर नाही. पाडावेच लागले तर कोनशिला, दरवाजा, काही दगड नव्या वास्तूत दिसतील असे बसवावेत.

ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्या माणसांनी मजुरीतून पैसे वाचवून हे विहार बांधले. त्यांची नावे बहुतेक वेळा पुस्तकात नाहीत, त्या दगडांतच आहेत. पुढच्या बैठकीत ठराव लिहिण्यापूर्वी एकदा त्या पाटीवरची नावे मोठ्याने वाचा.

जय भीम, नमो बुद्धाय.