मिरवणूक एका दिवसाची, तयारी दोन महिन्यांची



उसाची मोठी बांधणी उरकली, आषाढाची सर येऊन गेली, की गावातल्या पोरांचे हात शिवशिवायला लागतात. वर्षभर माळ्यावर पडून असलेले ढोल खाली येतात. मग घरोघरी एकच बोलणं ऐकू येतं, "ह्या पोरांना दुसरा काही उद्योग नाही का?" आमचं म्हणणं असं, की ढोल-ताशा हा उद्योगच आहे. फक्त तो रीतसर केला पाहिजे.

पुण्याच्या पथकांचं आज सगळीकडे नाव आहे. पण त्या आधीपासून पुण्याच्या मिरवणुकीत मावळ-मुळशीकडच्या गावांचे ढोल वाजत. पुढे ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूतन मराठी विद्यालय अशा शाळांच्या पथकांनी त्याच ढोलाला रांग, गणवेश आणि शिस्त दिली. म्हणजे नाद खेड्याचाच. शहराने त्याला सरावाची जोड दिली. ती जोड आपल्यालाही देता येईल.

आपल्या कारखान्याचंच बघा. गळीत सुरू होतं दिवाळीच्या आगेमागे, पण मिलचे रोलर आणि बॉयलर यांची दुरुस्ती होते पावसाळ्यात. ती कामं अंगचोरीने केली तर ऐन हंगामात कारखाना बंद पडतो. पथकाचंही तसंच आहे. मिरवणुकीच्या दिवशी कोणी वाजवायला शिकत नसतो. त्या दिवशी फक्त आधी केलेलं दिसतं.

नव्या पोराने पहिल्या आठवड्यात ढोल बांधूच नये. ठेका आधी तोंडाने म्हणावा, मग मांडीवर धरावा, मग जुन्या टायरवर टिपरू चालवावं. जे तोंडाला येत नाही ते हाताला येत नाही. लय आधी संथ ठेवावी. संथ लयीत चूक झाकत नाही, ती लगेच कळते. जलद लयीत गोंगाटात खपून जाते आणि तशीच हाताला बसते. ताशा शिकणाऱ्याने डाव्या हाताकडे जास्त लक्ष द्यावं. दोन्ही काड्यांचा आवाज सारखा येईपर्यंत तर्रीच्या मागे लागू नये. जोर मनगटातून काढावा. खांद्यातून मारणारा पोरगा अर्ध्या तासात दमतो आणि लय खाली ओढतो. वजन कमरेवर येतं, म्हणून ढोल घट्ट आणि अंगालगत बांधावा, नाहीतर पाठ धरते.

एकट्याचा हात बसला म्हणजे पथक बसलं असं नाही. आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशा पुढे आणि शेवटची रांग ३४ मीटर मागे असली, तर तिथे ताशा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोके चालू असतील तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. त्यात एवढा उशीर म्हणजे कानाला सरळ फाटलेला ठेका. मागची पोरं चुकत नसतात, ती बिचारी कानावर विसंबून असतात. म्हणून मागच्यांनी ताशेवाल्याच्या हाताकडे किंवा इशारा देणाऱ्याकडे डोळा ठेवावा, आणि ताशे शक्यतो मधोमध घ्यावेत. एकदम सुरू होणं आणि एकदम थांबणं याचा वेगळा सराव करावा. पथकाची परीक्षा थांबण्यात होते. उभ्याने नीट जमलं की मगच चालत वाजवायला घ्यावं.

वाद्याचीही निगा हवी. कातडी पान पावसाळी हवेत ओल धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. तेव्हा जोर करून ताणलं तर ऊन पडल्यावर ते तडकायची भीती. वाजवून झाल्यावर दोरी थोडी ढिली करावी, ढोल कोरड्या जागी ठेवावा. हल्ली पुष्कळ जण प्लॅस्टिकचं पान लावतात. त्याला ओलीची भीती नाही, पण आवाज जास्त टणक येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे कान. ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाकाठी आठ तासांपेक्षा जास्त राहू नये असं तज्ज्ञ सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. मोठ्या पथकात आवाज शंभरावर सहज जातो. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. खोडव्याला फुटवा येतो तसं इथे नाही. वाजवून आल्यावर कानात शीळ वाजत असेल तर ती सूचना समजावी. नुसत्या कापसाच्या बोळ्याने भागत नाही. औषधाच्या दुकानात कानात घालायच्या मऊ गुड्या मिळतात, त्या घ्याव्यात. रोजचा सराव हलक्या हाताने करावा, मध्ये विसावा घ्यावा. पूर्ण जोर आठवड्यातून एकदा पुरे.

आपल्या कानाबरोबर शेजाऱ्याचाही कान आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र होऊ शकतो, तिथे ढोल बडवणं गुन्हा ठरतो. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांत ३० पेक्षा जास्त जण नकोत असं ठरवलं होतं. त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. स्थगिती मिळाली म्हणून तान्ह्या पोराची झोप किंवा म्हाताऱ्याचं दुखणं थांबत नाही. सराव गावाबाहेरच्या माळावर करावा आणि दिवेलागणीनंतर तासा-दीड तासात आवरावा. रात्री दहानंतर तर ढोलाला हातच लावू नये.

पथक वाढतं ते ढोलांच्या संख्येने नव्हे. ज्या पोराला तीन वर्षं झाली, त्याने दोन नव्यांना हाताशी धरून शिकवावं. शिकवताना त्याचा स्वतःचा हातही पक्का होतो. आता मुलीही वाजवायला येतात, त्यांना मागच्या रांगेत ढकलू नये. आणि आडसाली लागणीच्या दिवसांत पोरगा दिवसभर सरीत राबून संध्याकाळी सरावाला गेला, तर घरच्यांनीही त्याला टोकू नये. साठजणांबरोबर एका ठोक्यात थांबायला शिकलेलं पोर शेतात आणि घरातही उपयोगी पडल्याशिवाय राहत नाही.