पहिल्या तारखेच्या आधी

मी फौजेतून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. घर शेलूला, कर्जत तालुक्यात. आता तालुका विधी सेवा समितीचा स्वयंसेवक आहे. पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात अडकलेल्या माजी सैनिकाचे कागद जमवायचे, त्याची वकिलाशी गाठ घालून द्यायची आणि तो तारखेला हजर राहील हे बघायचं, हे माझं काम. त्यातला हा एक दिवस.

पहाटे ५.००

इतक्या लवकर फोन येतो तो बहुधा घरच्या बाईचाच. आजचा नेरळच्या पलीकडच्या एका वाडीतून आहे. "मेजर, यांना रात्री पोलिसांनी नेलं. बांधावरून भावाशी झालं."

मी तीन गोष्टी विचारतो. अटक केली की नोटीस दिली? कुणाला किती लागलंय? डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, घरात कुठे ठेवलंय?

पहिला प्रश्न महत्त्वाचा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस पुष्कळदा अटक न करता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटीस देऊन बोलावतात. नोटीस हातात पडली की माणसाला वाटतं, सुटलो. तो बोलावल्या दिवशी जात नाही आणि मग खरोखर अटक होते. इथे मात्र अटकच झालीय. म्हणजे चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागेल. वहिनींना सांगतो, पेटीतले सगळे कागद पिशवीत घाला आणि दहाला कर्जत कोर्टाच्या दारात या. भावाच्या घरी आज कुणी जाऊ नका.

सकाळी ६.१५

चहा होईपर्यंत आधीच्या प्रकरणांची पानं तयार करतो. प्रत्येक माणसाचं एकच पान. भरती कधी, कुठली पलटण, कुठे कुठे पोस्टिंग, कुठली पदकं, शेवटची मेडिकल कॅटेगरी, सेवेतून बाहेर पडण्याचं कारण, अपंगत्व असेल तर किती टक्के, आणि घरात खाणारी तोंडं किती.

सेवेतून बाहेर पडण्याच्या कारणावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो. आजारपणामुळे घरी पाठवलेला माणूस 'तब्येत बरी नव्हती' एवढंच सांगतो. कागदात पाहावं तर मानसिक आजाराची नोंद सापडते आणि अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्रही. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. अशा माणसाचा दावा सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातो. फौजदारी खटला कर्जतला, पेन्शनचा दावा मुंबईला. दोन्ही वकिलांना एकमेकांची माहिती नसेल तर आजाराचा पुरावा मुंबईच्या फायलीत पडून राहतो आणि कर्जतच्या न्यायाधीशांना माणूस फक्त भांडखोर दिसतो.

सकाळी ८.४०

शेलू स्टेशनवर मुंबईकडची गाडी खच्चून भरून जाते. आमची कर्जतकडची मोकळी असते. नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. रात्रपाळी करून परतणारे सिक्युरिटी गार्ड उतरतात, त्यांत ओळखीचे फौजी असतात. पंधरा वर्षांची सेवा झाली की शिपायाला पेन्शन बसतं. पस्तिशी-चाळिशीत माणूस घरी येतो, मुलं शाळेत असतात, म्हणून खोपोलीचा कारखाना नाहीतर कर्जतचं एखादं फार्महाऊस राखायला लागतो.

इकडचं मूळ दुखणं जमिनीचं आहे. माणूस सीमेवर असताना वडील गेले, वारस नोंद झाली तेव्हा सही करायला तो नव्हता. परत येतो तो वांगणी ते नेरळ प्लॉट पडलेले, जमिनीचे भाव चढलेले, आणि सातबाऱ्यावर नाव नाही. हक्क मागायला तलाठ्याकडे जायचं, फेरफाराला हरकत घ्यायची, अपील करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो बांधावर जातो. तिथे आवाज चढतो, दारू असली तर हात उठतो, आणि कोयत्याचं नाव आलं की कलम वाढतं.

सकाळी १०.००

वहिनी दारात उभ्या आहेत, पिशवी छातीशी धरून. विधी सेवा समितीकडे अर्ज लिहितो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे कळल्यावर त्यांच्या हाताचा थरकाप थोडा कमी होतो. मंगळसूत्र मोडायचं त्या मनाशी ठरवूनच आल्या होत्या.

डिस्चार्ज बुकातून पान भरतो. दोनदा काश्मीर, एकदा सियाचीन. वर्तणूक 'एक्झेम्प्लरी'. समितीने दिलेल्या वकीलबाई ते पान दोनदा वाचतात आणि जामीन अर्जात तीन ओळी घालतात.

या तीन ओळींसाठी मी एवढी धावपळ का करतो, ते सांगतो. अमेरिकेत जॉर्ज पोर्टर नावाच्या कोरियन युद्धातल्या सैनिकाला खुनासाठी मृत्युदंड सुनावला गेला. तो कुठल्या लढाया लढला आणि त्याचं मन कसं मोडलं, हे त्याच्या वकिलाने ज्यूरीपुढे मांडलंच नव्हतं. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही माहिती पुढे यायला हवी होती, आणि त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ च्या जानेवारीत, बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी माजी सैनिकांसाठी वेगळं कोर्ट सुरू केलं होतं. तिथे उपचार आणि कोर्टाची देखरेख बरोबर चालते, आणि जुना सैनिक नव्याची पाठराखण करतो. आपल्याकडे असं वेगळं कोर्ट नाही. पण त्याची सामग्री आपल्या कायद्यात विखुरलेली आहे. १९५८ चा परिवीक्षा कायदा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायची आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीची सोय देतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा कैद्यालाही उपचाराचा हक्क देतो. हे सगळं एकत्र आणणारा माणूस मात्र लागतो.

दुपारी २.४५

जेवणाच्या सुट्टीनंतर त्याला आणतात. डोळे खाली, पण खांदे सरळ. सुनावणी थोडक्यात होते. दुखापत किरकोळ आहे, आधीचा गुन्हा नाही, सेवेची नोंद समोर आहे. जामीन मंजूर होतो. अट अशी की भावाच्या हिश्श्याकडे फिरकायचं नाही.

आता जामीनदार हवा. घरातल्याच माणसाने तक्रार केली असेल तर घरातून जामीनदार कुठून मिळणार? म्हणून तालुक्यातल्या काही निवृत्त ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांनी (जेसीओ) शब्द देऊन ठेवलाय. कशेळीच्या बाजूचे एक सुभेदार साहेब सातबारा घेऊन हजर आहेत. सही करण्याआधी ते जामीन मिळालेल्या त्या निवृत्त नायकाला एवढंच म्हणतात, "तारीख चुकली तर माझी जमीन जाते, ध्यानात ठेव." तो ताठ उभा राहून "जी साब" म्हणतो. वकिलाने दहा वेळा बजावून जे होत नाही, ते यात होतं.

बाहेर आल्यावर विचारतो, बंदुकीचं लायसन्स आहे का? आहे, गार्डच्या नोकरीसाठी. बंदूक आज संध्याकाळीच ठाण्यात जमा करून पावती घे. नोकरीला थोडी अडचण येईल. पण भांडण चालू असलेल्या घरात बंदूक नको, यावर मी वाद ऐकून घेत नाही.

दुपारी ४.००

तहसील कार्यालय. दुसऱ्या एका माजी सैनिकाची चॅप्टर केस, शांतता राखण्याच्या बंधपत्राची. तहसीलदार इथे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात. हे प्रकरण लहान म्हणून लोक येतच नाहीत आणि वाढवून घेतात. आमचा माणूस आलाय, बंधपत्र लिहून देतो. त्याच खेपेत वारस नोंदीच्या हरकतीचा अर्जही दाखल करून घेतो. भांडण मिटवायचं तर जिथून निघालं तिथे कागद लावावा लागतो.

संध्याकाळी ६.३०

शेलूजवळच्या एका घरी. इथे तक्रार बायकोची आहे, मारहाणीची, आणि आरोपी माझ्याच पलटणीतला. अशा वेळी मी आधी ताईंकडे बसतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्यांना संरक्षण आदेश मिळू शकतो, स्त्री म्हणून मोफत वकीलही मिळतो, आणि तो नवऱ्याच्या वकिलाहून वेगळा असतो. त्यांनी तक्रार मागे घ्यावी असं मी कधीच सुचवत नाही. फौजी म्हणून त्याचं ऐकून घेतो, पण त्याच्या सेवेचा मोबदला तिच्या अंगावरच्या वळांतून वळता होणार नाही.

त्याला वेगळं भेटतो, त्याच्या काकांच्या घरी. झोप लागत नाही, फटाका वाजला की अंगाला घाम सुटतो, म्हणून पितो, असं तो पहिल्यांदाच बोलतो. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्याच्या फोनवरून लावतो. लष्करासाठी याच सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मानसोपचाराची तारीख कशी घ्यायची तेही लिहून देतो. उपचाराची चिठ्ठी जपून ठेव, ती कोर्टाला दाखवायची आहे. आणि दोष सिद्ध झाला तर काय, तेही त्याला माहीत हवं: पेन्शन हे पुढच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर असतं, गंभीर गुन्ह्यात ते थांबू शकतं. तेव्हा चूल त्याची एकट्याची विझत नाही.

रात्री ८.१५

मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं पळतायत. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. चार वर्षांनी चौघांतला जास्तीत जास्त एक कायम होतो, बाकीच्यांना सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. पंचविशीच्या आसपास परत येणारी ही मुलं पेन्शनच्या रजिस्टरात कुठेच दिसणार नाहीत. त्यांची नावं आणि फोन मी आतापासून वहीत लिहून ठेवतो.

रात्री ९.३०

अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आजची पत्रं लिहितो. इथून अलिबागला जाऊन यायचं म्हणजे माणसाचा रोज बुडतो, म्हणून चार जणांची कामं एकत्र पाठवतो. २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिनी, श्रीनगरमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची (नालसा) वीर परिवार सहायता योजना सुरू झाली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत विधी सेवा केंद्रं असावीत, असं ती सांगते. जिल्ह्याला जे मिळालं ते तालुक्यात उतरवणं आता आपल्या हातात आहे.

फौजी होता म्हणून सोडून द्या, असं मी कुठल्याही न्यायाधीशांपुढे म्हणणार नाही. वर्दीने गुन्हा धुतला जात नाही. पण त्या माणसाने देशाला दिलेली वर्षं आणि त्या वर्षांनी त्याच्या शरीरमनावर केलेली जखम निर्णयाआधी समोर यायला हवी. निकालानंतर सापडलेलं डिस्चार्ज बुक कुणाच्या उपयोगाचं? म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या निवृत्त क्लार्कना, जेसीओंना आणि वीरपत्नींना माझी विनंती आहे: आपल्या विधी सेवा समितीत स्वयंसेवक म्हणून नाव द्या. ही कागदपत्रं आपल्याइतकी दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत.