वनस्पतितेलावर चालणारे एंजिन

दिल्लीच्या पूर्वेस हिंडन नदीकाठी वसलेले गाझियाबाद हे कारखान्यांचे आणि मालमोटारींचे शहर आहे. हिवाळ्यात वारा मंदावला, की तेथील हवेत धूर व धूळ साचून राहते. त्यात डिझेलच्या धुराचाही वाटा असतो. म्हणूनच राजधानी परिसरात 2017 पासून प्रदूषण वाढताच डिझेल जनित्रांवर टप्प्याटप्प्याने निर्बंध घालण्यात येतात. अशा वेळी साहजिकच विचार येतो, की एंजिन तेच ठेवून त्याचे इंधन पालटता येईल काय?

ही कल्पना नवी नव्हे. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते. आपल्याकडे करंजाचे तेल पूर्वापार दिव्यात जळत आले आहे. ते खाद्य नसल्यामुळे त्याचे इंधन केल्यास कोणाच्या ताटातले तेल कमी होत नाही. डिझेलमध्ये 2030 पर्यंत 5 टक्के जैवडिझेल मिसळावे, असे उद्दिष्ट भारताच्या 2018 च्या जैवइंधन धोरणात ठेवलेले आहे.

परंतु मूळ तेल डिझेलहून फार दाट असते. एंजिनातील बारीक छिद्रांतून त्याचा तुषार नीट उडत नाही आणि आत काजळी साचते. म्हणून त्यावर मिथेनॉल व अल्कली यांची प्रक्रिया करतात. ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर पातळ जैवडिझेल राहते. करंजतेलातील जादा आम्ल मात्र आधी कमी करावे लागते. एरवी त्याचा साबण होतो.

जैवडिझेलमध्ये वजनाने सुमारे दहावा हिस्सा प्राणवायू असतो. त्यामुळे काजळी घटते. मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे काहीशी वाढू शकतात. ज्वलन सुधारण्यासाठी संशोधक त्यात सिरियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून पाहतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; हे कण अशा नॅनोमीटरांतच मोजले जातात. ते ज्वलनास प्राणवायू पुरवितात आणि पुन्हा तो ग्रहणही करतात. त्यामुळे काजळी जळणे सुकर होते.

तथापि हे कण इंधनात तळाशी बसू पाहतात. शिवाय ते स्वतः जळून नाहीसे होत नाहीत. धुराड्यात गाळणी नसेल, तर त्यांतील काही हवेत जातात, आणि इतके बारीक कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर पोहोचू शकतात. तेव्हा अशा इंधनाची परीक्षा केवळ एंजिनाच्या शक्तीवरून करून भागणार नाही. धुराड्यातून बाहेर काय पडते, याचेही मोजमाप झाले पाहिजे. गाझियाबादच्या नागरिकाचा खरा संबंध त्याच मोजमापाशी आहे.