पाडता येत नाही, पण वाचतही नाही : चेन्नईची वारसा समिती

आजचा विषय चेन्नईचा आहे. पण ज्यांचा पुण्यात वाडा आहे, बडोद्यात, इंदुरात किंवा बेळगावात आजोबांच्या वेळचं घर आहे, त्यांनीही तो आपलाच समजावा. शहरातली जुनी इमारत ठेवायची की पाडायची हे ठरवतं कोण, आणि ठरवल्यावर पुढे होतं काय, हे आज पाहायचं आहे.

चेन्नईला आलेला मराठी माणूस एका ठिकाणी सहसा जातोच. जॉर्ज टाऊनमधल्या तंबू चेट्टी रस्त्यावरचं काळिकांबाळचं देऊळ. दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते असं तिथली परंपरा सांगते. तारीखसुद्धा सांगतात, ३ ऑक्टोबर १६७७. दर्शन झालं की मंडळी रिक्षा करून मरीनावर निघून जातात. माझं म्हणणं असं की रिक्षा थोड्या वेळानं करा. जवळच आर्मेनियन रस्ता आहे, तिथे पायी जा आणि गोखले हॉल कुठे आहे ते विचारा.

हो, आपले गोपाळ कृष्ण गोखले. अ‍ॅनी बेझंट यांनी १९१४ साली मद्रासमध्ये 'यंग मेन्स इंडियन असोसिएशन' ही तरुणांची संस्था काढली. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. मतभेद असोत नसोत, त्या काळी गोखल्यांना दक्षिणेत किती मान होता ते यावरून कळतं. होमरूल चळवळीची भाषणं इथे झाली, पुढे कर्नाटक संगीताच्या मैफली झाल्या. आणि अलीकडच्या काळात मालक संस्थेनंच हे सभागृह पाडायला घेतलं. इंटॅक, म्हणजे कला-सांस्कृतिक वारशासाठी १९८४ पासून काम करणारा राष्ट्रीय न्यास, न्यायालयात गेला. पाडकाम थांबलं, पण तोवर आत बरीच मोडतोड झाली होती.

आता नेहमीचा प्रश्न येतो. 'पुरातत्त्व खातं काय करत होतं?' त्याचं उत्तर असं की हा त्या खात्याचा प्रांतच नाही. केंद्राचं पुरातत्त्व सर्वेक्षण १९५८ च्या कायद्याखाली 'राष्ट्रीय महत्त्वाची' म्हणून जाहीर झालेली स्मारकं सांभाळतं. चेन्नईत सेंट जॉर्ज किल्ल्याचे भाग त्यांच्याकडे आहेत. तिथे नियम कडक असतात. स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. पण शहरातली जुनी रेल्वे स्थानकं, कॉलेजं, दुकानं, सभागृहं आणि राहती घरं यांतली बहुतेक कुठल्याच स्मारकांच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी शहराच्या नगररचनेच्या नियमांत वेगळी सोय करावी लागते. मुंबईनं ती देशात सर्वांत आधी, १९९५ साली केली. यादी, इमारतींच्या श्रेणी आणि वारसा संवर्धन समिती, अशी ती व्यवस्था.

मद्रासला मात्र उशीर झाला. माउंट रोडवरचं जुनं स्पेन्सर १९८३ साली जळालं, सेंट्रल स्टेशनशेजारचं मूर मार्केट १९८५ साली जळालं. स्पेन्सरच्या जागी मोठं व्यापारी संकुल आलं, मूर मार्केटच्या जागी रेल्वेची इमारत. जळकं बांधकाम सावरता येईल का, हे विचारायचं कायदेशीर कर्तव्य कोणावरच नव्हतं. मी ऐंशीच्या दशकात परंगीमलाईच्या प्रशिक्षण शाळेत कॅडेट होतो. तेव्हा रविवारच्या सुटीत आम्ही गावात यायचो, आणि जुन्या इमारती पडणं हे पाऊस पडण्यासारखंच लोक धरून चालायचे.

हे बदललं ते एका औषधाच्या दुकानामुळे. माउंट रोड, म्हणजे आताचा अण्णा सालै, आणि जनरल पॅटर्स रोड यांच्या कोपऱ्यावर १८९७ साली डब्ल्यू. ई. स्मिथ कंपनीनं आपली भव्य इमारत बांधली. घुमट, मिनार, कमानी असा सगळा इंडो-सारासेनिक थाट. १९३४ मध्ये ती लाहोरच्या भारत इन्शुरन्स कंपनीनं घेतली, म्हणून नाव पडलं भारत इन्शुरन्स बिल्डिंग. विम्याचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती आयुर्विमा महामंडळाकडे आली. २००६ साली महामंडळानं ती धोकादायक ठरवून पाडायला सुरुवात केली. (याच महामंडळाची याच रस्त्यावरची १९५९ ची उंच इमारत हा मद्रासच्या लोकांचा एके काळचा मोठा अभिमान. तेव्हा ती देशातली सर्वांत उंच होती.) इंटॅक मद्रास उच्च न्यायालयात गेली. चार वर्षांनी, २९ एप्रिल २०१० रोजी, न्यायमूर्ती प्रभा श्रीदेवन आणि न्यायमूर्ती टी. एस. शिवज्ञानम यांनी निकाल दिला. इमारत पाडायची नाही, आणि सरकारनं वारसा संवर्धन समिती नेमायची.

या निकालातली यादीची गोष्ट मला फार आवडते. २०१० साली चेन्नईत वारसा इमारतींची रीतसर अधिसूचित यादीच नव्हती. मग रक्षण करायचं कशाचं? काही वर्षांपूर्वी न्यायमूर्ती ई. पद्मनाभन यांच्या समितीनं एक यादी केली होती, पण ती वेगळ्याच कामासाठी. शहरात जाहिरातींचे फलक माजले होते आणि कोणत्या इमारतींपुढे ते लावू नयेत हे ठरवायचं होतं. त्यात ४६७ वास्तू आणि परिसर होते. न्यायालयानं तीच यादी उचलली आणि सांगितलं, पक्की यादी होईपर्यंत यातलं काहीही वारसा समितीला विचारल्याशिवाय पाडायचं नाही, बदलायचं नाही. फलकांसाठी केलेली यादी इमारतींचं कवच झाली. सरकारी फायलीतलं कोणतं काम पुढे कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

समिती नेमली गेली ती चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाच्या आधारानं. सतरा सदस्य. त्यांत गृहनिर्माण आणि नगरविकास, सार्वजनिक बांधकाम, पुरातत्त्व अशा खात्यांचे अधिकारी आणि त्यांच्या जोडीला वास्तुरचनेचे, संरचनेचे, इतिहासाचे जाणकार. कामाची रीत साधारण अशी. यादीतल्या इमारतीच्या मालकाला दुरुस्ती करायची आहे, मागे मजला चढवायचा आहे किंवा पाडून टाकायचं आहे. तो परवानगीचा अर्ज करतो. इमारत यादीत आहे असं दिसलं की अर्ज समितीपुढे जातो. सदस्य जागेवर जाऊन पाहतात. नकाशे, मोजमापं, छायाचित्रं मागवतात. मग सांगतात की दर्शनी भागाला हात लावू नका, मागचं अलीकडचं बांधकाम काढलं तरी चालेल, उंची इतकीच ठेवा. किंवा सरळ नाही म्हणतात. त्याच वेळी एकेका इमारतीची कागदपत्रं तयार करून तिची श्रेणी ठरवायची, मसुदा जाहीर करायचा, हरकती ऐकायच्या, असं पक्क्या यादीचं काम चालतं. हे दुसरं काम गोगलगाईच्या चालीनं चालतं आणि मला त्याचं नवल वाटत नाही. आपलं घर वारसा म्हणून जाहीर होतंय म्हटल्यावर किती मालक पेढे वाटतील? जमिनीचा भाव काय आणि त्यावर उभं राहू शकणारं संकुल केवढं, याचा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात असतो.

इथे माझ्या जुन्या पेशातलं एक तत्त्व सांगतो. बचावाची फळी लावताना सुरुंग, तारा, खंदक घालतात. पण त्या अडथळ्यावर नजर आणि मारा नसेल तर तो अडथळा नसतोच. शत्रू सावकाश येतो, तारा कापतो आणि पुढे जातो. वारसा यादी ही अशी तारेची फळी आहे. बुलडोझर घेऊन येणाऱ्याला ती अडवते, कारण बुलडोझर दिसतो आणि लगेच कोणीतरी न्यायालयात धाव घेतं. काहीच न करणाऱ्याला मात्र ती अडवत नाही. भारत इन्शुरन्सची इमारत वाचली, पण निकालानंतरही वर्षानुवर्षं ती रिकामी, कुलूपबंद, भिंतींतून झाडं उगवलेली, अशीच उभी राहिली. पाडायची परवानगी नाही, दुरुस्त करायची इच्छा नाही. समितीच्या हाती 'थांबा' म्हणायची ताकद आहे, मालकाला देण्यासाठी थैली नाही. मुंबईत वारसा इमारतीच्या मालकाला न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येण्याची वाट निदान नियमांत ठेवली आहे. तसं काही हाती पडत नसेल तर मालकाचं शहाणपण एकच सांगतं, पावसाला त्याचं काम करू दे.

आणि चेन्नईचा पाऊस ते काम मन लावून करतो. इथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येचा. बाकी वर्षभर समुद्राचा खारा वारा. जुन्या मद्रासच्या इमारती भाजक्या विटांच्या आणि चुन्याच्या. छतं 'मद्रास टेरेस' पद्धतीची : सागवानी तुळयांवर विटा उभ्या, तिरक्या रांगेत चुन्यात बसवायच्या, त्यावर विटांच्या खडीचा आणि चुन्याचा थर ठोकून पक्का करायचा, वर सपाट फरशी. भिंतींना शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, तो घोटून घोटून संगमरवरासारखा चकचकीत केलेला. असं छत शंभर वर्षं टिकतं, पण एका अटीवर. दर पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून पन्हळी साफ केल्या पाहिजेत आणि पिंपळाचं बोटभर रोप उपटलं पाहिजे. दोन पावसाळे कोणी चढलं नाही तर पाणी तुळयांच्या टोकांत शिरतं, लाकूड कुजतं, आणि मग अभियंता येऊन प्रामाणिकपणे लिहून देतो की इमारत धोकादायक आहे. तो खोटं बोलत नाही. धोका कोणी तयार केला, एवढंच त्या अहवालात नसतं.

दुसरं संकट सिमेंटचं. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल कोंडते, क्षार फुलतात आणि आतली वीट भुगा होऊ लागते. आमच्या फौजेत एक जुना विनोद आहे, हलत असेल तर सॅल्यूट ठोका, हलत नसेल तर गेरू-चुना मारा. हसू नका. छावणीतले कितीतरी जुने बंगले या दरसालच्या चुन्यानंच टिकले आहेत. जिथे कोणा उत्साही माणसानं 'कायमचा बंदोबस्त' म्हणून सिमेंट थापलं, तिथे पोपडे पडले.

योग्य रीतीनं केलं तर काय होतं, तेही चेन्नईतच दिसतं. चेपॉक राजवाडा अर्काटच्या नवाबाचा, १७६८ चा. त्यातल्या कलस महालात सरकारी कचेऱ्या होत्या. जानेवारी २०१२ मध्ये मोठी आग लागली, छत कोसळलं. सत्तावीस वर्षांपूर्वी मूर मार्केटचं जे झालं तेच इथे होऊ शकलं असतं. पण या वेळी पाडण्याऐवजी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं महाल पुन्हा उभा केला आणि आज तिथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं दक्षिण पीठ बसतं. पुढे शेजारचा हुमायून महालही दुरुस्त केला, चुना मळून, त्यात हिरडा आणि गूळ घालून, मद्रास टेरेसचं छत नव्यानं बांधून. हिरडा-गुळाचा चुना आपल्याकडच्या वाड्यांना नवा नाही. पण असं काम जमणारे गवंडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, ते शोधून आणावे लागतात. फरक एवढाच की इथे मालक सरकार होतं आणि पैसा सरकारचा होता.

राज्यानं २०१२ साली तमिळनाडू वारसा आयोगाचा कायदा केला. चेन्नईपुरती समिती न राहता राज्यभरासाठी कायद्यानं उभा असलेला आयोग असावा, म्हणून. तो प्रत्यक्ष अमलात यायला २०२४ उजाडलं. बारा वर्षं. या बारा वर्षांत किती पावसाळे झाले ते तुम्हीच मोजा. आता आयोगाकडून माझी अपेक्षा नव्या याद्यांची फारशी नाही. यादीतल्या प्रत्येक इमारतीची दर वर्षी, सप्टेंबरच्या आत, छतावर चढून पाहणी झाली पाहिजे. पाहणीचा कागद मालकाच्या हाती पडला पाहिजे, आणि जो मालक दुरुस्ती करेल त्याला घरपट्टीत सवलत किंवा बांधकामाच्या हक्काच्या रूपानं काही मिळालं पाहिजे. जो करणार नाही त्याच्याकडून खर्च वसूल करून दुरुस्ती झाली पाहिजे. गोखले हॉलसारख्या ठिकाणी मालक खासगी संस्था आहे, तिला मोक्याची जागा पडून राहिल्याचं दुःख आहे, आणि ते खोटं नाही. तिथे सभा, मैफली, लग्नं पुन्हा होतील आणि भाडं येईल असा आराखडा समोर ठेवला, तर तिच्याशी बोलता येईल. नुसत्या मनाईवर किती वर्षं काढायची?

तुमच्या गावात असं घर असेल, विकायचं असेल किंवा विकत घ्यायचं असेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागात तीन गोष्टी लेखी विचारा. ही वास्तू वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, आणि दुरुस्तीसाठी कोणाची परवानगी लागते. उत्तर तोंडी देतील, ते घेऊ नका. आणि हे सगळं होईस्तोवर, येत्या पावसाळ्याआधी, कोणालातरी छतावर चढवा.