साथरोगतज्ज्ञ व्हायला डॉक्टरच असावं लागतं?

सुरतेच्या पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यातल्या खानदेशी घरांत बारावी सायन्सनंतर बोलणं एकाच गोष्टीवर येतं: नीटमध्ये मार्क पडले तर डॉक्टर, नाही पडले तर आरोग्यक्षेत्राचा विषयच संपला. हा समज अर्धाच खरा आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा 2012 साली सुरू झालेला ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ हा साथरोगतज्ज्ञांचा प्रशिक्षणक्रम मुख्यतः डॉक्टरांसाठी आहे. पण सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, अनेक ठिकाणी इतर शाखांच्या पदवीधरांनाही करता येते. साथ कुठून आली, कोणत्या गल्लीत पसरली, कोणाला आधी गाठलं हे शोधायला आकडेवारी येणारी आणि माणसांशी बोलू शकणारी मुलंही लागतात.

‘साथ आटोक्यात येते ती औषधांनी,’ हेही सुरतेत अजून ऐकू येतं, आणि तेही याच शहरात, याचं नवल वाटतं. सप्टेंबर 1994 च्या प्लेगमध्ये लाखो लोक सुरत सोडून पळाले. औषधांनी रोगी बरे झाले. शहराचं रूप पालटलं ते 1995 पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव हे कचरा आणि गटारं यांच्यामागे हात धुऊन लागल्यावर.

‘गुजरातेत मराठीचा काय उपयोग?’ असंही विचारलं जातं. नोकरीला गुजराती हवीच, ती शिकावी. पण तापाच्या सर्वेक्षणात दारात उभं राहून ‘घरमा कोणले ताप शे का?’ असं घरच्या बोलीत विचारणाऱ्याला घरातली आजी जे सांगेल, ते परक्या माणसाला सांगेलच असं नाही. आपल्यातला माणूस दारात नसण्याची ही अडचण अमेरिकेतही आहे. तिथे हिस्पॅनिक लोक लोकसंख्येच्या सुमारे 20 टक्के, पण साथरोगतज्ज्ञांमध्ये त्यांचा वाटा त्याहून बराच कमी.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र जातीच्या दाखल्याचा. जळगाव-धुळ्याचा अनुसूचित जाती-जमातीचा दाखला गुजरात सरकारच्या जागांवर चालेल, असं धरून बरेच जण बसतात. तो चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1990 आणि 1994 च्या निकालांत सांगितलं आहे की, स्थलांतर केलेल्यांना नव्या राज्यात हे आरक्षण मिळत नाही. मूळ राज्यातला हक्क कायम राहतो, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतलाही. म्हणून वडिलांचा मूळ दाखला बारावीच्या आधीच काढून ठेवावा आणि अर्ज भरताना संस्था राज्याची की केंद्राची, हे आधी पाहावं.